बॅटरीचा उपास

एखादी वस्तू बिघडलेली धडधडीत दिसत असताना "चालतंय ना अजून, मग राहू दे की" असं म्हणणारा माणूस भेटला की माझं डोकं फिरतं. हा राग मुळात माझा नाही. माझं माहेर डोंबिवलीचं, घर लहान, माणसं भरपूर, त्यामुळे गप्प बसून सगळं निभावून नेण्यात आम्ही सगळी भावंडं तरबेज. हा राग मला नलिनी गायकवाड यांच्याकडून मिळाला. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांच्याशी भांडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ठाण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी टेक्निशियन होते. आलेल्या रक्ताचा गट पाहायचा, त्यात काविळीचा, एचआयव्हीचा दोष नाही ना ते तपासायचं, निकाल कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि मग पिशवीला लेबल लावून ती पेशंटसाठी सोडायची, हे आमचं काम. गायकवाड मॅडम संगणक विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे त्या स्वतः, एक थंडगार खोली आणि त्या खोलीतला सर्व्हर. त्या गारठ्यापायी बाई बारा महिने तपकिरी स्वेटर घालायच्या आणि तो तसाच अंगावर ठेवून भर मे महिन्यात कँटीनला यायच्या. सगळं ठाणं घामानं निथळत असताना बाई कँटीनवाल्याला दटावायच्या, "पंखा बंद कर रे, थंडी वाजतेय."

आणि पंखा बंद व्हायचा! आम्ही घाम पुसत चहा प्यायचो. त्यांना नाही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

दिसायला ठेंगण्या, चष्म्याची एक काडी सेलोटेपनं चिकटवलेली, आवाज मात्र असा की खालच्या मजल्यावर ओपीडीतली माणसं वर बघायची. कुणाला पहिल्या नावानं हाक मारणं त्यांना जमायचंच नाही. मी कायम पाटकर. कौतुक हा प्रकार त्यांच्या शब्दकोशात नव्हता. काम चांगलं झालं तर त्या काहीच बोलायच्या नाहीत, आणि त्यावरून आपण समजायचं की झालं बुवा चांगलं. "चालतंय" हा शब्द त्यांच्या खोलीत उच्चारायला बंदी होती. नव्या माणसाला हे ठाऊक नसायचं. तो बिचारा सहज म्हणायचा, "मॅडम, माऊस थोडा अडकतो, पण चालतंय." झालं! "चालतंय तर माझ्याकडे कशाला आलास? मिरवायला?" म्हणत त्याला बाहेर काढायच्या आणि संध्याकाळपर्यंत नवा माऊस त्याच्या टेबलावर असायचा.

त्यांचा जीव अडकलेला होता तो एका बॅटरीत. त्यांनी मला ती दाखवली ती माझ्यावर खूश होऊन नव्हे. त्या दिवशी त्यांना ओरडायला माणूस हवा होता आणि नेमकी मी समोरून गेले.

"ये इकडे पाटकर. तू निकाल भरतेस, एंटर मारतेस. पुढे काय होतं?"

"सेव्ह होतं."

"कुठे?"

मला काय ठाऊक! मग त्यांनी झाकण काढलेल्या एका जुन्या सर्व्हरपुढे मला उभं केलं. सगळं शेवटी डिस्कवर लिहिलं जातं, पण आपण भरलेलं तिथे थेट जात नाही. मध्ये कंट्रोलर नावाचं एक कार्ड असतं. ते आपल्याकडून माहिती घेतं, "लिहिलं" म्हणून आपल्याला मोकळं करतं, आणि स्वतःच्या आठवणीत धरलेलं ते मागाहून सवडीनं डिस्कवर उतरवतं. म्हणून काम भराभर होतं. त्या मधल्या वेळात वीज गेली तर त्याची आठवण पुसली जाऊ नये, म्हणून त्याला मोबाइलच्या बॅटरीएवढी एक बॅटरी जोडलेली असते.

"समज, तू शेजारणीपाशी निरोप दिलास," मॅडम म्हणाल्या. "ती म्हणाली, सांगते हो, जा तू. तू निर्धास्त. आणि ती उपाशीपोटी जिन्यातच चक्कर येऊन पडली. निरोप पोचला?"

"नाही."

"पण तुला वाटतंय पोचला. नुसती चूक परवडते गं, कळते तरी. ही कळतसुद्धा नाही. ही बॅटरी म्हणजे त्या शेजारणीच्या पोटातलं अन्न आहे. जा आता, कामं नाहीत का तुला?"

ही बॅटरी अधूनमधून स्वतःला पूर्ण रिकामी करून पुन्हा भरून घ्यायची, आपल्यात दम किती उरलाय ते तपासण्यासाठी. तेवढा वेळ कंट्रोलर घाई करत नसे. प्रत्येक गोष्ट डिस्कवर लिहून झाल्यावरच तो "लिहिलं" म्हणायचा, आणि आमचे पडदे गोगलगायीसारखे सरकायचे. मॅडम याला बॅटरीचा उपास म्हणत. सकाळीच दारात उभ्या राहून जाहीर करायच्या, "आज बॅटरीचा उपास आहे. कटकट करायला कुणी इकडे फिरकायचं नाही."

एकदा हा उपास ऐन डेंग्यूच्या दिवसांत आला. खिडकीबाहेर नातेवाइकांची ही गर्दी, आत पडदा हलायला तयार नाही. दिवा गावातून आलेला एक तरुण भावासाठी प्लेटलेट न्यायला थांबला होता. तो काचेवर हात आपटून ओरडत होता आणि त्याचं काही चुकतही नव्हतं. मी तणतणत मॅडमच्या खोलीत गेले.

"उद्या ठेवा ना हा उपास! बाहेर लोक मरतायत."

"उद्या तू ये आणि बॅटरीला समजाव."

मी इतकी संतापले की दार आपटून निघाले. माझ्या मागोमाग त्या बाहेर आल्या. आता त्या मुलावर खेकसणार, असं मला वाटलं. त्यांनी खिडकी उघडली आणि त्याला म्हणाल्या, "पिशवी उशिरा मिळेल. पण मिळेल ती तुझ्या भावाचीच असेल. मशीन आज हळू आहे, ते माझ्यामुळे आहे. शिव्या मला दे, हिला नको." त्यानं दिल्या. घसघशीत दिल्या. मॅडम खिडकीत उभ्या राहून ऐकत राहिल्या. त्यानंतर उपास नेहमी रविवारी पहाटे व्हायला लागला आणि त्यासाठी त्या वर्तकनगरहून स्वतः यायच्या. आधी चुकलं होतं, हे मात्र त्यांच्या तोंडून कधीही निघालं नाही.

तशा त्या न्यायी वगैरे अजिबात नव्हत्या. सर्व्हरचा प्लग एकदा निसटला तर झाडलोट करणाऱ्या मंदामावशींवर आळ घेऊन मोकळ्या झाल्या. प्लगच सैल होता हे दुसऱ्या दिवशी उघड झालं. माफी मागायची सोडून बाईंनी काय करावं? "आजपासून या खोलीत झाडू मी मारणार," असं जाहीर केलं आणि खरोखरच मारायला लागल्या. मंदामावशींना ते आळापेक्षा जास्त लागलं. "म्हंजे माजा हात नको झाला यांना," म्हणून त्या माझ्यापाशी रडल्या. मी मॅडमना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "रडतेय कशाला? काम कमी झालं तिचं." काही बाबतीत ही बाई ठार आंधळी होती.

माझ्या घरी हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हाची गोष्ट. त्या बौद्ध, हळदीकुंकू काही पाळत नसत, पण मी बोलावलं म्हणून आल्या. सरबताचा पेला हातात घेऊन बायकांशी बोलतील म्हणावं, तर यांची नजर माळ्याखालच्या इन्व्हर्टरवर. "पाणी कधी घातलंस त्यात?" मी गोंधळले. पेला बाजूला गेला, स्टूल आलं, खोचलेला पदर आणि बॅटरीचं बूच काढून आत टॉर्च मारणाऱ्या मॅडम. कोपऱ्यावरच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणवून ते घातल्यावरच त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "ही तुझी मैत्रीण आहे की वायरमन?"

हसण्यावारी नेण्यासारखं हे सगळं मी तेव्हा हसण्यावारीच नेलं. आता हसू येत नाही.

रुग्णालयाचा कारभार पाहायचे ते सावंत सर. गोड बोलणारा माणूस. कुणालाही नाही म्हणायचा नाही आणि कुणाचंही काम करायचा नाही. एका वर्षी ऐन पावसाळ्यात कंट्रोलरची बॅटरी फुगली. तपासणीत नापास झाली आणि कंट्रोलर पीं पीं ओरडायला लागला. मॅडमनी नव्या बॅटरीची मागणी केली, मशीन काही तास बंद ठेवावं लागेल असंही सांगितलं. सावंत सर म्हणाले, गणपती होऊ द्या. गणपती झाले, तर म्हणाले, नवरात्र होऊ द्या. इकडे कंट्रोलर आपणहून सावध चालीनं चालायला लागला होता, त्यामुळे काम मंदावलं, लोक कुरकुरायला लागले. मग एका दुपारी मॅडम जेवायला गेलेल्या असताना सरांनी मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला आणि ते ओरडणं बंद करून घेतलं. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. त्या कंट्रोलरमध्ये एक सोय असते, बॅटरी बिघडलेली असली तरी घाईनंच काम कर, असं त्याला बजावता येतं. तेही करून घेतलं. पडदे झरझर चालायला लागले आणि सगळे सरांवर खूश.

मॅडमना कळलं तेव्हा त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "आजारी माणसाचं तोंड दाबलंत म्हणजे तो बरा झाला का, सावंत?" त्यांनी ती घाई काढून टाकली. दोन दिवसांनी सरांनी पुन्हा लावून घेतली आणि या वेळी सर्व्हरचा पासवर्डच बदलला. "मॅडम, तुम्ही फार टेन्शन घेता," सर म्हणाले. "यूपीएस आहे ना आपल्याकडे! वीज जाईलच कशी?"

दसरा आला. त्याच दिवशी बौद्धांची अशोक विजयादशमी, आणि कल्याणला मॅडमच्या भावाच्या वस्तीत दरवर्षी रक्तदान शिबिर असायचं. आमचीच गाडी जायची. त्या सकाळी मॅडम तिथे पांढऱ्या साडीत उभ्या राहून लोकांना रांगेत ढकलत होत्या, स्वतःचंही रक्त दिलं त्यांनी. दुपारी पिशव्या ठाण्यात आल्या आणि आम्ही तपासायला बसलो. निकाल येत होते, भरले जात होते.

संध्याकाळी विश्वस्त मंडळी आली. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, एक्स-रेच्या मशीनपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. त्यात वाईट काही नाही, मीही हळदकुंकू वाहिलेलं आहे. एरवी मॅडम सर्व्हरची पूजा दाराबाहेरच करायला लावत. त्या दिवशी त्या नव्हत्या. सरांनी दुसरी किल्ली काढली, सगळे आत घुसले. खोलीत उजेड कमी, फोटो चांगला येईना, म्हणून कुणीतरी मांडववाल्याचा मोठा हॅलोजन दिवा आणला. भिंतीवर लाल रंगाचं सॉकेट दिसलं. लाल सॉकेट म्हणजे यूपीएसची लाइन, तिथे कॉम्प्युटरशिवाय काही लावायचं नाही, हे आमच्या इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण रिकामं सॉकेट दिसतंय ना! हॅलोजन लावला. नारळ फुटला, आरती सुरू झाली, आणि यूपीएसनं ताण सोसवेना म्हणून मान टाकली. सर्व्हर हारासकट बंद पडला.

आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा कल्याणच्या पिशव्यांचा सगळा हिशेब बिघडलेला होता. काहींपुढे निकाल होते, काहींपुढे नव्हते, आणि जे होते ते त्याच पिशवीचे की दुसऱ्या कुठल्या, हे छातीवर हात ठेवून सांगायला कुणी तयार नव्हतं. कंट्रोलरनं "लिहिलं" म्हटलं होतं आणि लिहिलं नव्हतं.

मी मॅडमना फोन केला. त्या पांढऱ्या साडीतच थेट ठाण्याला आल्या. तोवर सरांनी तोडगा काढलेला होता.

"ज्या पिशव्यांपुढे ओके दिसतंय त्यांची लेबलं छापून टाका. हॉस्पिटलांचे फोनवर फोन येतायत. बाकीच्या उद्या बघू."

"सगळ्या परत तपासायच्या," मॅडम म्हणाल्या.

"एवढी किट्स पुन्हा वापरायची? आणि अहो, कॉम्प्युटरच सांगतोय ओके."

"माझ्या वस्तीतल्या माणसांचं रक्त आहे ते. माझंही आहे. ते कुणाच्या तरी अंगात जाणार, त्याला मी खोटं लेबल लावू देणार नाही."

आमच्या पेढीच्या प्रमुख डॉक्टरबाई तिथेच होत्या. शेवटचा शब्द त्यांचा. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या क्षणाचा मला आजही इतका राग आहे की त्यांचं नाव घ्यायचीही इच्छा होत नाही.

मग मॅडम उठल्या, लेबल छापायच्या प्रिंटरपाशी गेल्या, त्याची केबल उपटली, पर्समध्ये कोंबली आणि ती पर्स मांडीवर घेऊन फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसल्या. लेबलाशिवाय पिशवी पेढीच्या बाहेर जात नाही. सर गोड बोलले, मग कडक बोलले, मग विश्वस्तांना फोन लावून तो त्यांच्यापुढे धरला. बाई हलल्या नाहीत. शेवटी डॉक्टरबाईंचाच धीर सुटला. "करा परत," त्या पुटपुटल्या. राखून ठेवलेले नमुने आम्ही काढले आणि पहिल्या पिशवीपासून पुन्हा सुरुवात केली. ते संपेपर्यंत मॅडम तिथेच होत्या.

कॉम्प्युटरनं ओके म्हटलेल्यांपैकी एका पिशवीत दोष निघाला. कुणाची होती ते मी सांगणार नाही. कुणाला गेली असती ते तर देवालाच ठाऊक.

मी तो निकाल घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद पाहिला आणि हसून म्हणाले, "बघा, सापडली ना वेळेवर? मग झालं तर."

पुढच्या पंधरवड्यात चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला, की संगणक विभागानं बॅटरीची योग्य देखभाल केली नाही आणि विभागप्रमुखांचं वर्तन उद्धटपणाचं होतं. दुसरा भाग खरा आहे. मी बोलायला उभी राहिले तर सर म्हणाले, "टेक्निशियनचा इथे काय संबंध?" मंदामावशी कुणी न विचारता दारातून म्हणाल्या, "बाई तोंडाची वाईट, पण खोटी न्हाय." त्यांनाही बाहेर जायला सांगितलं. मॅडमना काढून टाकलं. निघताना त्यांनी कुणाचा निरोप घेतला नाही. आरडाओरडाही केला नाही. आधी कुणी ऐकत असेल म्हणून तरी ओरडायच्या.

त्यानंतर वर्षभरानं शहाडला एका सभागृहात आमचं शिबिर होतं. मी खाटांपाशी होते. रांग लांबलचक होती, बहुतेक कारखान्यांतली पोरं. त्यांच्यामधून ओळखीचा आवाज आला.

"काय गं पाटकर, केस पिकले तुझे."

मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. जवळच औषधांच्या गोदामात नोकरी लागलीय म्हणाल्या, तिथले लोकही बिनडोकच आहेत म्हणाल्या.

"तुम्ही इथे कशा?"

"रक्त द्यायला. दुसरं काय देता तुम्ही इथे? बिस्किटं तर मऊ पडलीयत."

त्या खाटेवर आडव्या झाल्या. बाही वर केली. मी दंडाला पट्टा बांधला, स्पिरिटनं पुसलं, सुई हातात घेतली.

"बॅटरी बदलली?" त्यांनी वर छताकडे बघत विचारलं.

मी शीर चाचपत राहिले.

"पाटकर."

"नाही मॅडम. यूपीएस नवा घेतला. बॅटरी तीच आहे, घाईही तशीच लावलेली आहे. मी तीनदा बोलले. सर म्हणतात, वर्षभरात काही झालं नाही ना?"

मी त्यांच्या आवाजाची वाट पाहिली. सगळं सभागृह वळून बघेल, खालचा रस्ता वळून बघेल. तो आलाच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दंडाचा पट्टा स्वतःच्या हातानं सोडला, उठून बसल्या आणि बाही खाली केली.

"माझं रक्त तुमच्या फ्रीजमध्ये जाणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ठाण्यात दुसरी पेढी आहे. तिथे देईन."

चपला घातल्या आणि रांगेतल्या पोरांमधून वाट काढत निघून गेल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी दारापर्यंत नजर लावून उभी होते.

तेवढ्यात पुढचा मुलगा खाटेवर येऊन झोपलाही. बाही त्यानं आधीच वर केलेली होती.

"ताई, त्या मॅडम न देताच का गेल्या?" त्यानं विचारलं.

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं, बॅटरीपासून. माझा आवाज चढत गेला असावा, कारण रांगेतले लोक खाटेभोवती गोळा झाले. कुणीतरी आमच्या डॉक्टरबाईंना बोलवायला धावलं. मी थांबले नाही. सांगण्यात कल्याणची पिशवी आली, सर हसले ते आलं, आणि तो मुलगा उठून बसला आणि त्यानं बाही खाली केली.